अनुभव धागा: कार्टूनमधलं राजकारण आपल्या घरापर्यंत आलं तेव्हा

परवा लेकीबरोबर ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा १९९६चा एक भाग पुन्हा पाहिला. स्प्रिंगफील्ड गावात अस्वल शिरतं, सिम्प्सन कुटुंबाचा कर्ता होमर हट्टाने अस्वल-पथक नेमायला लावतो, त्यासाठी कर वाढल्यावर गाव चिडतं आणि महापौर सगळं खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतो. मग त्यांना हाकलण्यासाठी ‘प्रपोझिशन २४’ हा जनमताचा प्रस्ताव येतो आणि भारतीय दुकानदार अपूवर देश सोडायची पाळी येते.

कॅलिफोर्नियात १९९४ साली ‘प्रपोझिशन १८७’ खरोखर मंजूर झालं होतं. कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा बंद, तातडीचे सोडून बाकी सरकारी उपचारही बंद. पुढे कोर्टाने ते रोखलं. मी तेव्हा तिथे शिकत होते. व्हिसा व्यवस्थित होता, तरी त्या नोव्हेंबरात बसमध्ये मराठी बोलताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, परवा लेकीला सांगितलं.

तुमच्याही घरापर्यंत असा एखादा भाग आला असेल तर लिहा.

न्यू जर्सीहून:
माझा जन्म इथलाच. शाळेच्या बसमध्ये रोज मागून अपूचं ठरलेलं वाक्य, ‘थँक यू, कम अगेन’, त्याच्याच उच्चारात ऐकू यायचं. बाबा फार्मासिस्ट, दुकानाशी आमचा संबंध नाही. पण ते न्यायला आले की मी त्यांना गाडीतून उतरू द्यायचे नाही, त्यांचे उच्चार मुलांच्या कानावर पडू नयेत म्हणून. २०१७ साली भारतीय वंशाचा विनोदवीर हरी कोंडाबोलूचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट आला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही बस माझ्या एकटीची नव्हती. पुढच्या वर्षी सिम्प्सन्सनी त्यावर होमरच्या मुलीच्या, लिसाच्या तोंडून जे उत्तर दिलं, ते मला फार लागलं. काळ बदलला, आम्ही काय करणार, असा सूर. लिसा ही माझी लाडकी होती हो! न्यायासाठी भांडणारी. २०२०मध्ये हँक अझारिया या गोऱ्या नटाने अपूचा आवाज देणं थांबवलं, ते मला योग्य वाटलं.

पुण्याहून:
तुमचं दुःख समजतं, पण माझा अनुभव वेगळा. इथे आम्ही हे स्टार प्लसवर पाहायचो आणि अपू मला आपला वाटायचा. १९९५च्या भागात लिसा मांसाहार सोडते, सगळे टोचून बोलतात, तेव्हा तिला दुसऱ्यांना सहन करायला शिकवतो तो अपूच. अर्थात मला बसमध्ये कुणी चिडवत नव्हतं, हेही खरं.

लालबागहून:
१९९३चा संपाचा भाग. वीजप्रकल्पाचा मालक बर्न्स कामगारांच्या दातांच्या उपचारांची सोय काढून घेतो, लिसाच्या दातांना तारा लावायच्या असतात, होमर युनियनचा अध्यक्ष होतो. बर्न्स गावाची वीज तोडतो आणि अंधारात लिसाच्या गिटारवर सगळे गात राहतात. हॉस्टेलवर पोरं हसत होती, मी उठून गच्चीवर गेलो. माझे वडील १९८२च्या गिरणी संपातले, त्या अडीच लाखांतले एक. आईने डबे करून आम्हाला शिकवलं. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, वडिलांना कामावर बोलावणंही कधी आलं नाही. सुट्टीत त्यांना ही गोष्ट सांगितली. ते एवढंच म्हणाले, “मिळाली का त्यांना सोय?” मिळाली म्हटलं. “बरं झालं.” गोष्ट कार्टूनची आहे हे मी त्यांना सांगितलंच नाही.

हाँगकाँगहून:
२०२१ला इथे डिस्नी प्लस सुरू झालं. सोळाव्या सीझनमध्ये अकराव्या भागानंतर थेट तेरावा. गाळलेल्या बाराव्यात सिम्प्सन कुटुंब बीजिंगच्या तिआनमेन चौकात जातं, जिथलं १९८९चं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिनी लष्कराने चिरडलं होतं. मुलगा विचारत होता, बारावा कुठे गेला? दार लावून घेतलं आणि मग त्याला १९८९ सांगितलं.

न्यू जर्सीहून, पुन्हा:
धागा वाचून काल १९९६चा तो भाग बाबांबरोबर पाहिला. अपू खोटी कागदपत्रं घेतो, काउबॉय टोपी घालतो, उच्चार बदलतो आणि आई-वडील आठवल्यावर कोसळतो, तिथे बाबा गप्प झाले. मग नागरिकत्वाची परीक्षा येते. यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर अपू लांबलचक कारणं सांगू लागतो आणि परीक्षक म्हणतो, नुसतं गुलामगिरी म्हणा. बाबा खदखदून हसले. म्हणाले, “मी पण असाच सगळं पाठ करून गेलो होतो गं.” आणि एकेक प्रश्न म्हणून दाखवायला लागले, त्यांच्याच उच्चारात. मी आवाज बंद केला टीव्हीचा.