महिनोन्‌महिने हॉटेलात राहणाऱ्यांनो, तुम्ही निभावता कसं? (जर्मनी)

तिखटमीठ:

ऑगस्टपासून ब्योब्लिंगनला आहे, श्टुटगार्टच्या शेजारी. चाकणच्या ऑफिसने गाडीच्या कंट्रोल युनिटच्या टेस्टिंगसाठी पाठवलंय. दोन महिन्यांचं काम म्हणाले होते, आता फेब्रुवारी म्हणतायत, तेही फोनवर. लेखी कोणी देत नाही म्हणून हॉटेलचं बुकिंग एकेका आठवड्याने वाढतं. म्हणजे दर सोमवारी संध्याकाळी खांद्यावर लॅपटॉप, हातात दूध-पाव घेऊन दाराला कार्ड लावायचं की लाल दिवा. परत लिफ्ट, परत रिसेप्शन. तिथला पोरगा मला नावाने हाक मारतो आणि वर पासपोर्ट मागतो.

"हॉटेलात राहतेस, मज्जा आहे बाई!" सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं ऐकून झालं. असते हो मजा, आठवडाभर. मग रोज सकाळी तोच ट्रेमधला अंड्याचा भुगा, तेच ब्रॉट्शेन म्हणजे छोटे पाव, तेच चीज. मी अंडं खाते, मांस नाही, त्यामुळे निम्मं टेबल माझ्यासाठी नसल्यातच जमा.

कपड्यांचं तर विचारूच नका. हॉटेलच्या यादीत एक शर्ट साडेचार युरो, मोज्यांचा जोड दोन युरो. नवे मोजे त्याहून स्वस्त मिळतात! कंपनी म्हणते धुलाई रोजच्या भत्त्यातून भागवा. म्हणून बेसिनमध्ये धुते आणि बाथरूममधल्या टॉवेलच्या रेडिएटरवर वाळत घालते. सफाईवाली बाई इतकी टापटिपीची की ते सगळं काढून, ओलंच, सुबक घड्या घालून खुर्चीवर रचून जाते. 'त्रास देऊ नका'ची पाटी लावली तर ती फिरकत नाही, पण मग टॉवेलही नाहीत आणि कचराही तिथेच.

फ्रिजची वेगळीच तऱ्हा. दाराजवळच्या खाचेत कार्ड असेल तरच खोलीत वीज. मी कार्ड घेऊन कामावर गेले की मिनीबार बंद. तुर्की दुकानातून किलोभर छान घट्ट दही आणलं, संध्याकाळी ते कढीच्या लायकीचं झालेलं. आणि कढी करायला शेगडी कुठाय!

सप्टेंबरअखेरीस कान्श्टाटचं फोल्क्सफेस्ट सुरू झालं. खोल्यांचे दर एवढे चढले की कंपनीच्या मर्यादेत बसेनात, म्हणून मला बाडबिस्तऱ्यासह दुसऱ्या गावच्या हॉटेलात हलवलं आणि जत्रा संपल्यावर परत आणलं. खोली वेगळी, गादी वेगळी, नळ उलट्या बाजूला फिरणारा. रविवारी दुकानं बंद असतात हे अंगवळणी पडलंय, पण यंदा १ नोव्हेंबर शनिवारी आला. त्या दिवशी इथल्या राज्यात सुट्टी, म्हणजे सलग दोन दिवस शटर खाली. मी आणि बिस्किटांचा पुडा.

एकेक गोष्ट सांगितली की समोरचा हसतो, मीही हसते. पण आज जेवायला काय, कपडे कुठे वाळतील, खोलीत कोण कधी येणार, यातलं काहीही माझ्या हातात नाही, याने जीव कातावतो. सामानासकट भाड्याचा फ्लॅट मागितला तर एचआर म्हणतं, "हॉटेलशी आपला करार आहे." कोणी भांडून मिळवलाय का? आणि तोवर वरणभाताचं काय करू?

वुल्फ्सबुर्गचा बुवा:

फ्रिजचं आधी. खाचेत कुठलंही जाडसर कार्ड घालून बघ, लायब्ररीचं, दुकानाचं. बऱ्याच ठिकाणी आत नुसता खटका असतो. चिप वाचणारी खाच असेल तर रिसेप्शनला सरळ दुसरं कार्ड माग, देतात. पण मिनीबारकडून फार आशा नको. आवाज नको म्हणून त्यात बहुधा कॉम्प्रेसर नसतो, त्यामुळे खोली तापलेली असली की आतलं दहीही कोमटच. दही अर्धा किलोच आणत जा.

आणि हो, लपवून इंडक्शन आणायचा विचार असेल तर सोड. मोहरी तडतडली की छतावरचा धूर ओळखणारा डबा बोंबलतो, आणि हॉटेलांत तो बहुतेक थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. बंब येतो, अख्खं हॉटेल पायजम्यात रस्त्यावर, आणि शेकडो युरोंचं बिल तुझ्या नावावर. आमच्या टीममधल्या एकाने हा प्रयोग पापड भाजून केलाय.

मी ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर दिवस काढले. सुपरमार्केटात शिजलेल्या बासमतीची पाकिटं मिळतात, दोन मिनिटांत गरम. त्यावर मेतकूट, तूप, मीठ. जर्मन सहकाऱ्याने विचारलं, ही पिवळी पूड कसली? चमचाभर दिली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा भात घेऊन हजर.

अनघा_श्टुटगार्ट:

ताई, तुमच्या हातात एक चांगला मुद्दा आहे आणि तुम्ही तो वापरत नाही आहात. ज्याचं जर्मनीत घर नोंदलेलं नाही, त्याचा हॉटेलातला मुक्काम तीन महिन्यांच्या वर गेला की दोन आठवड्यांत पालिकेत नोंदणी करावी लागते. ऑगस्टपासून आहात म्हणजे वेळ झालीच. त्या नोंदणीला जागा देणाऱ्याचा दाखला लागतो आणि आमच्या हॉटेलने तो द्यायला भरपूर खळखळ केली होती. एचआरला 'कंटाळा आलाय' असं लिहू नका, त्याचं त्यांना काही वाटत नाही. 'नोंदणीचं काय करायचं ते लेखी कळवा' एवढंच लिहा आणि मॅनेजरला सीसीत ठेवा. मला आठवड्याभरात फोन आला.

फ्लॅट स्वतःच्या नावावर मात्र घेऊ नका. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं मागू शकतात, आणि कंपनीने जानेवारीत परत बोलावलं तर ते सोडवत बसाल. बोर्डिंगहाउस मागा. इथे सामान आणि स्वयंपाकघर असलेल्या, महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या खोल्यांना तेच म्हणतात. एचआरला जत्रेच्या आठवड्यातलं हॉटेलचं बिल आणि बोर्डिंगहाउसचा महिन्याचा दर शेजारी शेजारी ठेवून पाठवा. त्यांना आकडेच समजतात.

रविवारी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, विमानतळ गाठा, फाइहिंगनला गाडी बदलायची. तिथलं वाणसामानाचं दुकान उघडं असतं.

भोसरीचा वेल्डर (निवृत्त):

आम्ही १९९२ ला कुवेतला होतो. एका खोलीत सहा जण, कूलर एक. टॉवेल कोणी बदलायचा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तुम्हा लोकांना घड्या घातलेले कपडे पण टोचतात!

तिखटमीठ:

काका, ओल्या घड्या! घालून बघा एकदा पाच अंश थंडीत. पण खरं सांगा, त्या सहा जणांत भात कोण लावायचं?

भोसरीचा वेल्डर (निवृत्त):

मीच. रोज. स्टोव्ह आमच्याच मालकीचा होता, ते मात्र आहे.

तिखटमीठ:

तेच तर म्हणतेय!

बुवा, लायब्ररीचं कार्ड चाललं, मिनीबारचा दिवा दिवसभर चालू. अनघाताई, मेल तुमच्याच शब्दांत टाकला. अर्ध्या तासात "आपण बोलूया" असं उत्तर आलं, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. बोर्डिंगहाउसात पोळपाट-लाटणं असतं का?

अनघा_श्टुटगार्ट:

तवा असतो, तोही खोलगट. लाटणं तुर्की दुकानात मिळेल, पण त्यांचं काठीसारखं लांब आणि बारीक असतं, पोळी आधी नकाशासारखीच होते. पोळपाट नाशिक-पुण्याहून कोणी येत असेल तर मागवा. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, ब्योब्लिंगन स्टेशनवर आणून देईन.