विषय: कॉम्प्युटरचा ताबा परक्याकडे गेला होता, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

परवा दुपारी जुन्या भावगीताचे शब्द शोधत होते. एका पानावर क्लिक केलं आणि सगळी स्क्रीन लाल झाली. "व्हायरस आला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा" असं लिहिलेलं, आणि तेच कुणीतरी मोठ्या आवाजात सारखं बोलतंय. काही केल्या पान बंद होईना. घाबरून मी फोन केला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, स्क्रीनवर आलेला क्रमांक विचारला, आणि बघता बघता माझा माउस आपोआप फिरू लागला. मग त्याने एररची लांबलचक यादी उघडून दाखवली, म्हणाला, हे सगळे व्हायरस. बँकेचं खातं उघडा म्हणाला तेव्हा मला शंका आली. मी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

पैसे गेले नाहीत. संध्याकाळी अँटीव्हायरस चालवून पाहिला, काही सापडलं नाही. पण तो माणूस अजून आत असेल का, या विचाराने दोन रात्री झोप नाही. कुणी सांगू शकेल का?

कळावे.

---

उत्तर:

काकू,

बटण बंद केलंत हे उत्तम केलंत. तो जोडलेला असताना त्याला बाहेर काढायचा तोच सगळ्यात खात्रीचा उपाय होता.

आधी त्या लाल स्क्रीनबद्दल. तो व्हायरस नव्हता, एक साधं वेबपान पूर्ण स्क्रीनभर पसरलं होतं. अशा वेळी एस्केप दाबून धरायचं. तरीही हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि तिथून ब्राउझर बंद करायचा. परत उघडताना "जुनी पानं उघडू का" विचारलं तर नाही म्हणायचं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. आणि ती एररची यादी म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर. धडधाकट मशीनमध्येही तसल्या नोंदींचा ढीग असतो.

आता तुमचा खरा प्रश्न. अँटीव्हायरसला काही सापडलं नाही, कारण एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे प्रोग्रॅम मुळात व्हायरस नाहीतच. ऑफिसांमधले लोक दुरून दुरुस्ती करायला तेच रोज वापरतात. प्रोग्रॅम चांगला असतो, वापरणारा हात वाईट असतो, आणि तो हात अँटीव्हायरसला दिसत नाही. अशा प्रोग्रॅममध्ये कायमचा पासवर्ड ठेवता येतो. मग मशीन सुरू होऊन नेटला जोडलं की समोर कुणी बसलेलं नसतानाही तो माणूस परत येऊ शकतो. म्हणून आज मशीन सुरू करण्याआधी नेटची केबल काढा, वायफाय असेल तर राउटर बंद ठेवा.

पण त्याहीआधी फोनवरून पासवर्ड बदला, या कॉम्प्युटरवरून नको. पहिला ईमेलचा, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते. मग बँकेचा. प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्याय वापरा. ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुम्ही आत शिरलेल्या आहात हे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, कुणी उचलून नेल्या असतील, तर त्याला पासवर्डशिवायही आत शिरता येतं. ईमेलच्या सेटिंगमध्ये तुमची पत्रं भलत्याच पत्त्यावर पुढे जात नाहीत ना, हेही पाहा. हे तपासायचं बहुतेक जण विसरतात. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, चालू करा. बँकेलाही फोन करून झालेलं सांगा, नंबर मात्र कार्डाच्या मागचाच घ्या.

मग मशीनकडे वळा. सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत तारखेप्रमाणे क्रम लावला की त्या दुपारी आलेलं काय ते दिसेल, ते काढून टाका. पण माझं मत विचाराल तर तेवढ्यावर थांबू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा आणि "सगळं पुसा" हा पर्याय निवडून विंडोज नव्याने बसवा. एक दुपार जाईल. परका माणूस आत काय काय करून गेला याची खात्री दुसऱ्या कुठल्याच मार्गाने होत नाही.

---

उत्तर:

अरे, तुझं पत्र वाचलं. माझ्याकडे विंडोज १० आहे, छान चालतं. पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस आहे आणि अनोळखी पत्र मी उघडतच नाही. एवढं पुरे ना?

---

उत्तर:

काका, पुरेसं नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जादा मुदतीसाठी नोंदणी केली नसेल तर नवी फट सापडली तरी ती बुजवली जात नाही. २०१७ मधला वॉनाक्राय हा आपोआप पसरणारा व्हायरस आठवतो का? फट बुजवणारा अपडेट १४ मार्चला आला होता आणि तो किडा १२ मे रोजी पसरला. कुणी काही उघडायचीही गरज नव्हती, एका मशीनवरून दुसऱ्यावर तो आपला आपण जात होता. अपडेट घेतलेल्या मशीनमध्ये त्याला त्या फटीतून शिरता आलं नाही. अँटीव्हायरसचं म्हणाल तर विंडोजमधला डिफेंडर घरच्या वापराला पुरतो, ते पैसे वाचवा.

राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या अशाच एका किड्याने असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरूनच घराघरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

---

उत्तर:

यात एक भर घालते. हल्ली "मी रोबो नाही" असं सिद्ध करायला सांगणारी खोटी पानं येतात. विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं सांगतात. त्या पानाने आधीच एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती आपणच आपल्या हाताने चालवतो. खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर काहीही करायला सांगत नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत हे झालं. पंधरा मिनिटांत तिच्या ईमेलवरून ओळखीच्यांना पैसे मागणारी पत्रं गेली.

---

उत्तर:

मंडळी, सगळं केलं. तो प्रोग्रॅम यादीत होताच, आणि मशीन सुरू झाल्यावर आपोआप चालू व्हायचा. ईमेलमध्ये गैर काही नव्हतं. विंडोज काल नव्याने बसवलं. एकच विचारायचं राहिलं: त्या दुपारी बॅकअपची हार्ड डिस्क मागे जोडलेलीच होती. ती लावू का?

---

उत्तर:

काकू, लावा, पण आधी विंडोजचे सगळे अपडेट होऊ द्या. डिस्क जोडल्यावर एकही फाइल न उघडता डिफेंडरने पूर्ण डिस्क तपासा. नंतर फोटो आणि कागदपत्रं तेवढीच परत घ्या, जुने प्रोग्रॅम नकोत. आणि यापुढे बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवत जा. जोडलेली राहिली तर खंडणीवाला व्हायरस मूळ फाइलींबरोबर बॅकअपलाही कुलूप लावतो.