तुर्कमेनिस्तानच्या झेंड्यावर गालिच्याची नक्षी का?

जुळे सोलापूरची आई:
शाळेच्या प्रदर्शनात लेकीच्या वाट्याला तुर्कमेनिस्तान आलाय. सातवीत आहे. हिरवा झेंडा, चंद्र, तारे इथपर्यंत ठीक. पण डावीकडच्या लाल उभ्या पट्ट्यात पाच बारीक नक्ष्या आहेत, त्याखाली पानांच्या फांद्या. बाईंनी अर्थही विचारलाय. या नक्ष्या कशाच्या, आणि पाचच का?

पूर्व भागातला डिझायनर:
ताई, चादरीची डिझाइनं काढण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे या झेंड्यावर माझा फार जीव आहे. तो पट्टा म्हणजे गालिचाच समजा. नक्षीला गुल म्हणतात. तेके, योमुत, सारिक, चौदूर आणि एरसारी या तिथल्या पाच मोठ्या जमाती, प्रत्येकीचा एकेक गुल. जमिनीवर आडवा माग मांडून बायका गाठ गाठ मारत गालिचा विणायच्या, आणि मधला गुल बघून तो कुठल्या जमातीचा हे ओळखू यायचं. म्हणजे ही शोभेची वेलबुट्टी नाही, विणणाऱ्यांची ओळख आहे. देशाच्या झेंड्यावर विणकराच्या कामाला एवढी जागा मिळाली, हे मला फार मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. सालोर जमातीचे गालिचे जगभर नावाजलेले, पण लढायांत ती जमात खचली आणि झेंड्यावर तिचा गुल नाही. इतकं देखणं काम करणाऱ्यांना जागा मिळायला हवी होती.

निवृत्त शिक्षक, बाळीवेस:
पाच तारे पाच प्रांतांचे: आहाल, बाल्कन, दाशोगुझ, लेबाप, मारी. झेंडा 1992 चा, पण फांद्या तेव्हा नव्हत्या. 12 डिसेंबर 1995 ला संयुक्त राष्ट्रांनी तुर्कमेनिस्तानच्या कायमच्या तटस्थतेला मान्यता दिली, म्हणून 1997 मध्ये शांततेची खूण असलेल्या ऑलिव्हच्या फांद्या आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्यावरही ऑलिव्हच आहे, लेकीला शेजारी ठेवून दाखवा.

जुळे सोलापूरची आई:
दोघांचेही मनापासून आभार. डिझायनर काका, गुल काढायचा कसा? लेकीचा एका बाजूला फुगतोय.

पूर्व भागातला डिझायनर:
हाताने गोल करत बसू नका, ग्राफ पेपर आणा. आधी मधोमध उभी-आडवी रेघ. मग गुलचा फक्त पाव भाग चौकटी मोजून भरायचा, पायऱ्या पायऱ्यांनी. तिरकी रेघ मारायचीच नाही. तोच पाव भाग उलटवून उरलेल्या तीन बाजूंना चौकटी मोजूनच उतरवायचा. जेकॉर्डच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाच्या, चादरीचा ग्राफही आम्ही असाच चौकटीचौकटीने भरतो, मग त्यावरून त्या पत्त्यांना भोकं पडतात. झेंड्याचं माप दोनास तीन, म्हणजे 20 सेंटिमीटर उंच तर 30 लांब. आणि लाल पट्टा अगदी कडेला चिकटवू नका, त्याच्या डावीकडेही हिरवी पट्टी दिसते. मुलं हमखास ती विसरतात.