फादरांनी विचारलंय, पण हे बोलावणं देवाचंच आहे हे कसं ओळखायचं?

वास्कोकरीण:
जय ख्रिस्त. माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्न होऊन वास्कोत आले. इस्पितळात नर्स आहे. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर फादर म्हणाले, "घराबाहेर पडता न येणाऱ्या आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, नेऊन द्याल का? त्यांतली काही मराठी बोलणारी आहेत, त्यांना आपल्या बोलीतली प्रार्थना हवी असते."

मी "बघते" म्हटलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, मुलगी दहावीला, माझी नाइट ड्युटी चालूच. घरी येऊन बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १४वा अध्याय काढला, मेजवानीच्या दाखल्याचा. मेजवानीला न आलेल्यांपैकी एकानं शेत घेतलं होतं, दुसऱ्यानं बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. यात पाप कुठलंच नाही, सगळी संसाराचीच कामं. माझी कारणंही तसलीच, म्हणून जिवाला घोर लागलाय. देव बोलावतोय की फादरांना माणूस कमी पडतंय, हे कसं कळावं?

म्हापशाचे मास्तर:
ताई, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बायबलातल्या लहानग्या शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा तो म्हाताऱ्या याजक एलीकडेच धावत गेला, तेही पुन्हा पुन्हा. ही हाक प्रभूची आहे हे त्याला एलीनंच सांगितलं, आणि त्या एलीची नजर तर मंद झाली होती. देव आपल्याशी बहुधा माणसांच्या तोंडूनच बोलतो.

आणि आपल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ आठवा. त्यांना सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जायचं होतं, कारण डचांच्या अमलात तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरू मिळत नव्हते. वरिष्ठांनी आधी कानडा मुलखात धाडलं. ते गेले, तिथं मन लावून काम केलं. सिलोनला पोचले १६८७ मध्ये, मजुराच्या वेशात. पुढं कँडीत देवीची साथ आली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. मला त्यांच्या चरित्रातला कानड्याचाच भाग फार मोलाचा वाटतो. मनातलं ठिकाण मिळालं नाही म्हणून हातचं काम त्यांनी हलकं मानलं नाही.

मडगावची ताई:
मी ही सेवा करते, म्हणून कामाचं सांगते. आधी प्रशिक्षण असतं, मग बिशपांची नेमणूक, तीही ठरावीक मुदतीची. जन्माचं बांधून घेणं नाही. पिक्स, म्हणजे ती छोटी गोल डबी, गळ्यातल्या पिशवीत ठेवायची. फादरांकडून घेतली की थेट आजाऱ्याचं घर, वाटेत मासळीबाजार नाही की गप्पा नाहीत. तिथं स्टुलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती. शुभवर्तमानाच्या चार ओळी, "हे आमच्या स्वर्गातील बापा", आणि मग ख्रिस्तशरीर. गिळायला त्रास होत असेल तर अगदी लहानसा तुकडा द्यायचा, वर घोटभर पाणी. कम्युनियनआधीच्या तासभराच्या उपासाची अट वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना लागू नाही, हे आवर्जून सांग. कितीतरी आजी त्या धास्तीनं सकाळची गोळी चुकवतात.

फोंड्याहून एक:
माझं मत थोडं वेगळं आहे. सासूबाईंचं करणं हेही बोलावणंच आहे, आणि त्याला तुम्ही रोज हो म्हणताय. ते सोडून दुसरं धरू नका. पण फादरांना "बघते" वर लोंबकळतही ठेवू नका. किती जमेल ते स्पष्ट सांगा. आणि सासूबाई घराबाहेर पडत नाहीत ना? मग त्या यादीत त्यांचंही नाव हवं.

वास्कोकरीण:
शेवटचं वाक्य वाचलं आणि उठून सासूबाईंकडेच गेले. त्या म्हणाल्या, "कधीपासून मनात होतं गं, पण तुझी धावपळ बघून बोलले नाही." काल फादरांना होकार दिला. नाइट ड्युटीच्या आठवड्यात जमणार नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, चालेल, तेवढे रविवार ते स्वतः जातील. आता प्रशिक्षण कधी ते कळायचंय. मडगावच्या ताई, प्रार्थनेची मराठी पुस्तिका तुम्ही कुठून घेता?