क्रँकचं मागचं सील गेलंय, पेरणीआधी ट्रॅक्टर फोडायचा का?

औशाचा शेतकरी: मंडळी, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, क्लच हाऊसिंगच्या खाली जे भोक असतं तिथनं ऑइल ठिबकतंय, रात्री पुठ्ठा टाकला तर सकाळी ताटाएवढा डाग. मिस्त्री म्हणतोय क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या फिरत्या दांड्यावरची ऑइल अडवणारी रिंग) गेलं, ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील, दोन दिवस धरा. मृग तोंडावर आलाय. घरचे म्हणतात ऑइल टाकत राहा, सुगी झाल्यावर बघू. मला आत्ताच करावं वाटतंय. तुमचं मत सांगा.

काळी माती: दादा मी तुमच्या घरच्यांच्या बाजूनं. रोज सकाळी चालू करायच्या आधी ऑइलची पट्टी बघायची, खालच्या खुणेकडं गेलं की भरायचं, एवढ्यानं इंजिन बसत नाही. मी मागचा अख्खा खरीप असाच काढला. आणि दोन दिवसाचे चार झाले न् वापसा हातचा गेला तर? सील काय केव्हाही बदलता येतं, पेरणी परत येत नाही.

रोटरवाला: काळी माती भाऊ, प्रश्न इंजिनचा नाहीच, क्लचचा आहे. ते सील फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्लच बसतो त्या जड चाकाच्या, मागंच असतंय, गळलेलं ऑइल गरागरा फिरून क्लचच्या प्लेटवर उडतं आणि क्लच सटकतो. माझं तसंच झालं, रोटर (रोटाव्हेटर) जमिनीत टेकवला की इंजिन ओरडायचं आणि ट्रॅक्टर जागेवरच, वर जळका वास. प्लेट काढून पेट्रोलनं धुतली, पॉलिश पेपर मारला, आठ दिवस पण टिकली नाही. ऐन पेरणीत भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी लोकांच्या दारात उभा होतो. सीलच्या पैशात भागलं असतं ते प्लेट आणि प्रेशर प्लेटपर्यंत गेलं.

गॅरेजवाला: थांबा, फोडायच्या आधी तीन गोष्टी बघा. एक, ऑइल काळं आहे का? पिवळसर आणि उग्र वासाचं असेल तर ते गिअरबॉक्सचं, म्हणजे इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील. दुसरं, वर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळत असेल तर तेच ओघळत मागं खाली येतं, लोक उगाच सील बदलून बसतात. तिसरं ब्रीदर, इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडतो तो. तो चोक असला की आत प्रेशर धरतं आणि नवं सीलसुद्धा ऑइल सोडतं.
आणि फोडलाच तर जिथं सीलचा ओठ घासतो तिथं क्रँकवर नख फिरवा, खाच लागली तर नुसतं सील घालून उपयोग नाही, स्लीव्ह (खाचेवर चढवायची पातळ कडी) टाका नाहीतर सील किंचित पुढंमागं बसवा. स्प्रिंगची बाजू इंजिनकडं, ओठाला ऑइल लावून चारी बाजूनं सारखं दाबायचं, एकाच कडेला हातोडी नको. पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय बोल्ट ढिले करू नका, इंजिन एकीकडं कलंडतं, माणूस खाली जातो.

काळी माती: पाचरीचं पटलं. पण क्लच अजून धरत असेल तर मी थांबेनच, माझ्याकडं दुसरा ट्रॅक्टर नाही.

रोटरवाला: दुसरा नाही म्हणूनच म्हणतोय ना भाऊ.

औशाचा शेतकरी: आज बघितलं. ऑइल काळंच आहे, टॅपेट कव्हर कोरडं, ब्रीदर साफ. नांगर लावून शेतात घातला, चढाला क्लच सटकला, वास पण आला. आईला तिथंच बोलावून दाखवलं. उद्या सकाळी फोडतोय, प्लेट पण आणून ठेवलीय, पाचरीला बाभळीचा ओंडका तासायला घेतलाय.