मदत हवी आहे : 'विक्रांत'वरचा माझा मित्र शोधायचाय

नमस्कार मंडळी. मी नौदलातून निवृत्त झालेला खलाशी, गाव संगमेश्वर. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत प्रशिक्षण घेताना शेजारच्या खाटेवर एक केरळचा मुलगा होता. पुढे आम्ही दोघंही जुन्या 'विक्रांत'च्या बॉयलर रूममध्ये लागलो.

तिथली उष्णता सांगून कळणार नाही. वाफेवर चालणारं जहाज, चार बॉयलर, चार-चार तासांची वॉच, म्हणजे कामाची पाळी. घामाने अंगावरची डांगरी (कामाचा जाड पोशाख) पिळून काढावी लागे. माझे वडील गेल्याची तार आली तेव्हा जहाज समुद्रात होतं, घरी जाता येईना. त्या रात्री हा काही बोलला नाही. स्वतःची वॉच संपवून त्याने माझीही केली, आणि पहाटे स्टीलच्या मगातून चहा आणून पायाशी बसला. माझ्या आईला पत्र लिहिता यावं म्हणून तो माझ्याकडून मराठी शिकला. 'ळ' त्याला पहिल्याच दिवशी आला, त्यांच्या भाषेत आहे ना!

३१ जानेवारी १९९७ ला 'विक्रांत' निवृत्त झाली, २०१४ मध्ये तोडायलाही घेतली. बदल्यांत आमचे पत्ते हरवले.

त्याचा सर्व्हिस नंबर माझ्या वहीत आहे. मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं नौसैनिकांचं अभिलेख कार्यालय आपलं पत्र त्याच्यापर्यंत पोचवतं का? की केरळातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लिहू? कुणी असा मित्र शोधला असेल तर कृपया सांगा. नाव व नंबर इथे उघड लिहीत नाही, मेसेजमध्ये देईन.