मार्केट यार्डात छोट्या हत्तीवर ड्रायव्हर म्हणून लागतोय, अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या सोमवारपासून मार्केट यार्डातल्या एका किराणा होलसेलरकडे टेम्पोवर लागतोय. गाडी छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. माल म्हणजे साखर, तांदूळ, तेलाचे डबे, साबण-पावडरीचे बॉक्स. सकाळी गोडाऊनला गाडी भरायची आणि रविवार पेठ, नाना पेठ, बिबवेवाडी, आंबेगाव, धायरी इथल्या दुकानांना माल पोचवायचा. आधी एका डॉक्टरांची कार चालवत होतो, त्यामुळे पुण्याचं ट्रॅफिक नवं नाही. मालाची गाडी मात्र पहिल्यांदाच हातात येतेय. हेल्पर रोज मिळेलच असं नाही, हे शेठनी आधीच सांगितलंय.

घरी आई, बायको आणि लहान मुलगी आहे. हे काम मला टिकवायचंय, म्हणून साध्या वाटणाऱ्या गोष्टीही विचारतो.

माझं लायसन्स कारचं, म्हणजे एलएमव्ही (हलक्या मोटार गाडीचं) आहे. ओळखीचे एक जण म्हणतात ट्रान्सपोर्टचा शिक्का मारून घे, दुसरे म्हणतात गरज नाही. नक्की काय?

पेठांत गाडी कुठे लावायची? दुकानासमोर उभी केली तर मागे रांग लागते, लांब लावली तर ५० किलोचं पोतं घेऊन किती चालणार? शिवाय ई-चलान गाडीमालकाच्या नावावर येतं. ते पगारातून कापणार का, हे कामाला लागायच्या आधीच विचारावं का?

आणि सगळ्यात जास्त काळजी वजनाची आहे. शेठ म्हणतात, "बसेल तेवढं भरायचं." धायरीला जाताना नवले पुलाचा उतार लागतो. तिथे काय काय होतं ते आपण सगळेच पेपरात वाचतो. नवीन माणसाने मालकाला नाही कसं म्हणायचं?

प्रतिसाद

दादा, बरं केलंत आधी विचारलंत. मी बरीच वर्षं याच लाइनला आहे.

लायसन्सची काळजी सोडा. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिलाय की एलएमव्ही लायसन्सवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही. छोटा हत्ती त्याच्या कितीतरी खाली येतो. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. पण विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखा पहिल्याच दिवशी स्वतः बघा. विमा संपलेला असेल तर शेठ "उद्या भरतो" म्हणाले तरी गाडी बाहेर काढू नका. एका बिलावर १ लाखाच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी जीएसटीचं ऑनलाइन बिल) मागून घ्या.

आता वजन. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन दिलेलं असतं. वजाबाकी करा. त्यात तुम्ही आणि हेल्परही आलात. समजा माणसांचं वजन वगळून मालासाठी ७५० किलो उरले, तर साखरेची १५ पोती टाकली की संपलं, मग गाडीचा हौदा निम्मा रिकामा दिसला तरी. साबणाचे बॉक्स रचतानाही जागा नाही, वजन बघा. मालकाला हौद्यातली मोकळी जागा दिसते, स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि ब्रेकवर किती बोजा पडतो ते ड्रायव्हरलाच कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शेठना हा आकडा सांगा आणि लगेच म्हणा, "पेठांची खेप आधी टाकून येतो, मग धायरीची भरतो." सरळ नकार दिला तर वाद होतो. दोन खेपांचं गणित मांडलं तर बहुतेक मालक ऐकतात, कारण नाना पेठ मार्केट यार्डापासून काही लांब नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचवायला लोक करतात आणि मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापले की ब्रेक लागत नाही. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, इंजिनच गाडी धरून ठेवतं. डावी लेन सोडू नका. मागून कोणी कितीही हॉर्न मारू द्या.

भरताना जो माल शेवटी उतरवायचा तो आधी आत, पहिल्या दुकानाचा फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ. जड पोती खाली आणि पुढच्या बाजूला. साबण-पावडर साखर-तांदळाला चिकटून ठेवू नका, वास लागतो आणि दुकानदार माल परत करतो. पावसाळ्यात ताडपत्री वरून तर घालाच, पण पोत्यांच्या खालीही अंथरा. हौद्यात साचलेलं पाणी साखरेची वाट लावतं.

यार्डात पोत्याला हात लावायच्या आधी गाडी कोण भरतं ते विचारा. तिथे नोंदणी असलेले हमाल आहेत, त्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्यांचं काम त्यांना करू द्या, त्यांच्याशी नीट वागा, गाडी रचायला त्यांच्याइतकं कोणी शिकवणार नाही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण देणार हे मात्र शेठकडून आधीच ठरवून घ्या. दुपारच्या जेवणाला हमाल पंचायतीचं "कष्टाची भाकर" आहे, स्वस्तात पोटभर मिळतं.

प्रतिसाद

माझं धायरीत किराणा दुकान आहे, म्हणून दुकानदाराच्या बाजूने सांगतो. संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या वेळेला माल आणू नका, आम्हाला मोजून घ्यायला वेळ नसतो आणि तिथेच भांडणं होतात. सकाळी या. पेठांनाही तेच लागू, दुकानं नुकती उघडत असतात तेव्हा गल्लीत गाडी लावायला जागा मिळते. पी-१, पी-२ च्या पाट्या बघून सम-विषम तारखेप्रमाणे बाजू धरा. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता दोन्ही एकेरी, त्यामुळे दुकानांचा क्रम आदल्या रात्रीच लावून ठेवा. आणि गल्लीत रिव्हर्स घेताना खाली उतरून एकदा मागे बघाच. मागे लहान मुलं असतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आरसीचा फोटो आजच मागवतो. एकच राहिलं. दुकानात मोजताना माल कमी निघाला तर ड्रायव्हरच्या पगारातून कापतात असं तिथल्याच एकाने सांगितलं. यावर काय करायचं?

प्रतिसाद

गाडी भरताना स्वतः उभं राहून मोजा. डबे, पोती, बॉक्स वेगवेगळे. मालाच्या डिलिव्हरी चलनावर तुमच्या मोजणीचा आकडा लिहून गोडाऊनवाल्याची सही घ्या, मगच फाळका लावा. आकडा जुळत नसेल तर गाडी तिथून हलवायची नाही. दुकानात उतरवलं की पोच म्हणून त्याच चलनावर दुकानाचा शिक्का, सही आणि रोख मिळाली असेल तर रक्कम अक्षरी. रोज संध्याकाळी सगळ्या चलनांचे फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. ट्रॅफिकच्या ई-चलानाचा दंड आणि माल कमी आला तर काय, या दोन्ही गोष्टी सोमवारच्या आधी बोलून घ्या, आणि ठरलं ते शेठना व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.